शाहू स्टेडियमवर फक्की मारणाऱ्या हातांना

कोल्हापूरच्या पेठापेठांतल्या आम्हा समर्थकांकडून, नाव न सांगता फुटबॉलच्या मैदानावर राबणाऱ्यांचे आभार. सुतळी ताणून फक्की, म्हणजे पांढऱ्या पुडीच्या रेषा, तुम्हीच मारता: पेनल्टीचा ठिपका गोलरेषेपासून 11 मीटर, मधल्या वर्तुळाची त्रिज्या 9.15. सुतळी सैल राहिली की रेषेला पोट येतं, आणि मग चेंडू आत की बाहेर यावर अख्खी गॅलरी उठते. (संघ पाटाकडील असो वा खंडोबा, एकमत होतं ते फक्त पंचाविरुद्ध!) जाळीचंही तसंच. खालची कड खुंट्यांनी जमिनीला घट्ट नसेल, तर गोल झालेला चेंडू खालून निसटतो. बाजूची शिवण उसवली असेल, तर बाहेरून गेलेला आत दिसतो. वाकून एकेक गाठ तपासणाऱ्यांनो, धूळ बसवायला पाणी मारणाऱ्यांनो, मनापासून धन्यवाद.