'गीतरत्न' पूर्ण वाचा

महोदय,

आमच्या चर्चमध्ये लग्नाच्या उपासनेत बायबलमधले 'गीतरत्न' हे प्रेमकाव्य वाचतात, पण दोन-चार सोवळ्या ओळीच. हे मला मनापासून खटकते. पाचव्या अध्यायात रात्री प्रियकर दार ठोठावतो, त्याचे केस दवाने भिजलेले. प्रेयसी म्हणते, वस्त्र उतरवले, पाय धुतले, आता कशी उठू? शेवटी उठते, गंधरसाने निथळणारी बोटे कडीला लावते, तर तो निघून गेलेला!

तिसऱ्या शतकात ओरिगेन या ख्रिस्ती विद्वानाने या वधूत ख्रिस्ताची मंडळी, म्हणजे चर्च, आणि माणसाचा आत्मा पाहिला. फ्रान्समधल्या क्लेर्व्हो मठाच्या संत बर्नार्डने ११३५ पासून यावर ८६ प्रवचने रचली. ११५३ मध्ये मृत्यू आला तेव्हा तो तिसऱ्या अध्यायाच्या आरंभीच होता. ज्ञानदेवांच्या विराण्या ऐकणाऱ्यांना हा अर्थ परका वाटू नये. मलाही तो मान्य आहे. पण रूपकाच्या नावाखाली देह पुसून टाकणे मान्य नाही. त्या बाईची तळमळ खरी मानली नाही, तर आत्म्याची तळमळ कळणार कशी?

पाळकांना विनंती, पाचवा अध्याय नवदांपत्यासमोर सबंध वाचावा. तिला शोधात फिरताना पहारेकऱ्यांनी मारले, ती ओळसुद्धा.

— एक निवृत्त शिक्षिका, अहिल्यानगर (अहमदनगर)