अपघातात मनाला झालेली दुखापत दाव्यात कुठे मांडायची?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

राष्ट्रीय लोकअदालतीत मोटार अपघाताचे किती दावे निकाली निघाले आणि किती कोटींची भरपाई मंजूर झाली, हे आपल्या अंकात नेमाने वाचायला मिळते. त्या तडजोडींच्या टेबलावर बोलणे सुरू होते ते एकाच प्रश्नावरून: डिसॅबिलिटी किती टक्के? हे टक्के बहुतेक वेळा हाडांचे असतात. अपघातानंतर ज्याचे मन ठिकाणावर येत नाही, त्याचा आजार कागदावर येतच नाही.

माझा धाकटा भाऊ दुधाचा टेम्पो चालवायचा. खंबाटकी बोगद्याच्या पुढच्या उतारावर ब्रेक गेलेला ट्रक मागून येऊन धडकला. मांडीचे हाड मोडले, रॉड बसवला, आता तो नीट चालतो. पण स्टिअरिंगवर हात ठेवला की तळव्यांना घाम फुटतो आणि इंजिन चालू करण्याआधीच तो खाली उतरतो. एसटीत बसल्यावर मागून मोठ्या गाडीचा हॉर्न आला, तर पुढच्या सीटची दांडी आवळून धरतो आणि उजवा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबत राहतो. सासुरवाडी शिरवळची, तिकडे जाणे त्याने बंदच केले. मालकाने दुसरा ड्रायव्हर ठेवला. भाऊ आता डेअरीत क्रेट उचलतो, निम्म्याहून कमी पगारावर. मानसोपचारतज्ज्ञांनी निदान लिहिले आहे, पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर, म्हणजे भयंकर प्रसंगाच्या धक्क्यातून जडलेला मनाचा आजार.

अपंगत्वाच्या दाखल्यासाठी गेलो तेव्हा अस्थिरोगतज्ज्ञांनी गुडघा वाकवायला लावला, कोन मोजला आणि टक्के लिहिले. मी म्हटले, "साहेब, पाय बरा आहे, पण त्याला गाडीवर बसवत नाही." ते म्हणाले, "ताई, ते माझ्याकडे येत नाही." त्यांचेही चुकले नाही. पण ते कोणाकडे येते, हे सांगणारे तिथे कोणी नव्हते. दाव्याच्या अर्जात मानसिक त्रासाला एक ओळ मिळाली, "शारीरिक व मानसिक त्रासापोटी" एक ठोक रक्कम. आणि उलटतपासणीत विमा कंपनीच्या वकिलांचा प्रश्न: "आज कोर्टात गाडीनेच आलात ना?"

कायदा मात्र इतका कोता नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६८ मध्ये 'न्याय्य' भरपाई द्यायला सांगितले आहे. आर. डी. हट्टंगडी यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९९५ सालीच मानसिक आणि शारीरिक धक्का, आजवर सोसलेला आणि पुढे सोसावा लागणारा, भरपाईत धरला. राजकुमार विरुद्ध अजयकुमार या २०१० च्या निकालाने तर आणखी कामाची गोष्ट सांगितली. शरीराचे अपंगत्व किती टक्के हे एक, आणि त्यामुळे कमाई किती टक्के बुडाली हे वेगळे. डावा हात गेला तर ड्रायव्हर किंवा सुताराची कमाई जवळपास पूर्ण बुडू शकते, सरकारी कारकुनाची तितकी नाही, असे उदाहरणच त्या निकालात आहे. मग हातपाय शाबूत असूनही ज्या ड्रायव्हरला गाडी चालवता येत नाही, त्याचा हिशोब याच न्यायाने का होऊ नये?

अडते ते पुराव्यापाशी. न्यायालयाला उपचार करणाऱ्या डॉक्टरांची साक्ष लागते, आणि साक्षीसाठी कोर्टात दिवस घालवायला डॉक्टर तयार नसतात. त्याच राजकुमार निकालात डॉक्टरांना ताटकळत ठेवू नका, वेळ ठरवून बोलवा, जमेल तिथे कमिशनमार्फत, म्हणजे न्यायालयाने नेमलेल्या माणसाकरवी कोर्टाबाहेर, साक्ष नोंदवा, असे सुचवले आहे. आपल्या वकिलाला हे आवर्जून सांगावे. मानसिक आजार २०१६ च्या दिव्यांग कायद्यातही आहे आणि त्याचे टक्के काढायला 'आयडियाज' नावाची मोजपट्टी आहे. म्हणजे मोजता येत नाही ही सबब उरत नाही.

खोटे दावे वाढतील, असे म्हटले जाते. वाढतीलही. ते हाडांच्या दाखल्यांतही होतातच की. महिनोन्‌महिन्यांच्या औषधांच्या चिठ्ठ्या आणि मालकाकडचे पगाराचे कागद एका दिवसात उभे करणे त्यापेक्षा सोपे नाही.

आता मुदतीबद्दल. १ एप्रिल २०२२ पासून अपघाताचा दावा सहा महिन्यांत दाखल करण्याचे बंधन आहे. त्याला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. पण निदानाच्या वैद्यकीय निकषांत या आजाराचा एक उशिरा उमटणारा प्रकार आहे आणि त्याची व्याख्याच अशी की पूर्ण लक्षणे किमान सहा महिन्यांनंतर दिसतात. म्हणजे इकडे मुदत संपते आणि तिकडे आजार उघड होतो! हाड मोडलेल्याचा दावा तरी आधीच लागलेला असतो. १ जुलै २०२३ ला सिंदखेडराजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ जण गेले. तशा आगीतून काच फोडून बाहेर पडलेल्या माणसाच्या अंगावर कदाचित ओरखडेच असतील. तो सहा महिन्यांत दावा कशाला लावेल?

चूक कोणाची हे सिद्ध न करता अडीच लाख देणाऱ्या कलम १६४ ची गंमत तर वेगळीच. त्यासाठी 'गंभीर दुखापत' लागते आणि फौजदारी कायद्यातल्या तिच्या यादीत दात तुटणे नाव घेऊन दिले आहे. मनाच्या आजाराचे नाव त्या यादीत नाही.

माझी मागणी मोठी नाही. २०२२ च्या नियमांनुसार पोलिसांनी सविस्तर अपघात अहवाल ९० दिवसांत अपघाताचे दावे चालवणाऱ्या न्यायाधिकरणापुढे ठेवायचा असतो. त्या काळात जखमीची आणि वाचलेल्या सहप्रवाशांचीही जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात एकदा तपासणी व्हावी आणि तिचा कागद अहवालाला जोडला जावा. तसे होईपर्यंत घरच्यांनी "होईल हळूहळू" म्हणत थांबू नये. केसपेपरवर झोप, दचकणे, गाडीची भीती हे सगळे डॉक्टरांकडून लिहून घ्यावे, तारखेसकट. जवळ कोणी डॉक्टर नसेल तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत बोलता येते. आमच्या भावाने लायसन्स जाईल आणि लोक वेडा म्हणतील या भीतीने पहिले कितीतरी महिने कोणाला काही सांगितले नाही, आणि आता नेमक्या त्याच महिन्यांचे कागद विमा कंपनी मागते आहे.

प्रकरण न्यायप्रविष्ट असल्याने नाव छापू नये, ही विनंती.

– एक वाचक, वाई (जि. सातारा)