पुण्याच्या नोकरीला मी ‘नाही’ का म्हणाले

नाशिक

तीर्थरूप आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आई, पुण्याची नोकरी मी नाकारली हे तुझ्या मनाला लागलंय, ते फोनवर आवाजावरूनच कळलं. बाबांनी फक्त एवढंच विचारलं, "तू नाशिकला नेमकं बनवतेस काय?" फोनवर ते धड सांगता येईना, म्हणून लिहायला बसले.

बाबा, सिरॅमिक म्हटलं की तुम्हाला भट्टी आठवते, आणि त्यात चूक काही नाही. शुद्ध सिलिका, म्हणजे वाळूतला आणि काचेतला मुख्य पदार्थ, वितळवायची तर १७०० अंशांच्या वर जावं लागतं. ॲल्युमिनाला, म्हणजे ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडला, २००० च्याही वर, आणि वितळल्यावर ते इतकं पातळ होतं की त्याचा धागा ओढताच येत नाही. आमची वाट वेगळी आहे. सिलिकॉनचं टीईओएस नावाचं एक संयुग असतं, दिसायला पाण्यासारखं. ते अल्कोहोलमध्ये मिसळून थोडं पाणी आणि आम्लाचे थेंब घातले की रेणू एकमेकांना जोडले जातात. काचेचा सांगाडा बाटलीतच, खोलीच्या तापमानाला उभा राहतो. याला सोल-जेल म्हणतात. एबेलमन या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने असं द्रव दमट हवेत काचेसारखं घट्ट होताना पाहिलं, ते १८४६ च्या सुमारास.

मला सगळ्यात आवडतो तो धागा. पाणी कमी ठेवलं की रेणूंच्या लांब साखळ्या होतात आणि द्रव हळूहळू दाट होतं. काचेची कांडी बुडवून उचलायची. आधी नुसता थेंब गळतो. मग एक वेळ अशी येते की थेंब तुटत नाही, त्याच्यामागे तार येते. हात वर नेत राहिलं की ती हातभर लांब होते, केसाहून बारीक, तिरप्या उजेडातच दिसणारी. जरा उशीर झाला की द्रव थिजतं आणि सगळं टाकून द्यावं लागतं. पावसाळ्यात इथली हवा ओली असते, तेव्हा ही वेळ फार लवकर निसटते. ती ओळखायला मी आत्ता कुठे शिकतेय.

दुसरं काम पातळ थरांचं. सौर पॅनलची काच द्रावात बुडवायची आणि एकसारख्या वेगाने वर ओढायची. वेग वाढला की थर जाड होतो. आम्हाला हवा असतो साधारण ११० नॅनोमीटर. साध्या काचेच्या एका पृष्ठभागावरून चारेक टक्के प्रकाश परत फिरतो, या सच्छिद्र थराने तो बराच आत जातो. नंतर ५०० अंशांच्या आसपास तापवलं की झालं. थर जाड झाला तर मात्र वाळताना तडकतो. आपलं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं, तसाच.

आई, तुझी काळजी खरी आहे. टीईओएसची वाफ डोळ्यांना झोंबते. म्हणूनच काम वाफ बाहेर ओढून नेणाऱ्या हुडखाली, चष्मा आणि हातमोजे घालून चालतं, आणि उरलेलं कोणी मोरीत ओतत नाही.

पुण्याला पगार जास्त होता, पण तिथे तयार मालाचे अहवाल तपासून सह्या करायच्या होत्या. सातपूरच्या या छोट्या कारखान्यात पदार्थ माझ्या हाताखाली घडतो. हे सोडून जावं असं मला वाटत नाही, आणि तुम्ही दोघांनी ते रागावून नाही, समजून मान्य करावं अशी माझी फार इच्छा आहे.

द्राक्षांची ऑक्टोबर छाटणी उरकली की चार दिवस इकडे या. साहेबांना विचारून ठेवलंय. कांडी बाबांच्या हातात देईन, धागा त्यांनीच ओढून बघायचा.

तुमची,
मनू