भात, बीटी आणि भाऊबंद

धुळे

प्रिय भास्कर,

सप्रेम नमस्कार.

लग्नातला भात बाधला आणि दोन-तीन तासांत अर्धं वऱ्हाड ओकायला लागलं, हे वाचून वाईट वाटलं. आता सगळे बरे आहेत ना? तुझा प्रश्न मात्र फक्कड आहे: भातातला जिवाणू आणि बीटी कपाशीतला जिवाणू एकच असेल, तर कपाशी लावावी की नाही?

लाव भो, बिनधास्त. सरकीत जिवाणू नसतोच, त्याची एक-दोन जनुकं तेवढी घातलेली असतात. (बोंडअळी थांबेल ही आशा ठेवू नकोस. गुलाबी अळी बीटीला केव्हाच सरावली.)

पण तुला ज्यानं हे सांगितलं, तो अगदीच वेडा नाही. भातातला बॅसिलस सीरियस, अळ्या मारणारा थुरिंजिएन्सिस (बीटी म्हणजे हाच) आणि गुरांना फाशी रोग, म्हणजे अँथ्रॅक्स, देणारा अँथ्रासिस हे सख्खे भाऊबंद. मुख्य गुणसूत्र तिघांचं जवळपास सारखं, सुमारे ५२ ते ५४ लाख अक्षरांचं. खरा फरक बहुतेक प्लाझ्मिडांत, म्हणजे गुणसूत्राबाहेरच्या डीएनएच्या छोट्या कड्यांत. अळी मारणारं प्रथिन थुरिंजिएन्सिसच्या प्लाझ्मिडावर, फाशीचं विष अँथ्रासिसच्या. सीरियसच्या ज्या वाणांमुळे ओकाऱ्या होतात, त्यांचं विषही असंच एका प्लाझ्मिडावर. ते नसेल तर तोच सीरियस तुझ्या शेतातल्या मातीत निवांत पडून असतो. थुरिंजिएन्सिसचं प्लाझ्मिड हरवलं, तर प्रयोगशाळेत तो सीरियसपासून वेगळा ओळखणं मुश्किल.

आणि ही कडी एकाकडून दुसऱ्याकडे जातात. १९९४ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात एका माणसाला अँथ्रॅक्ससारखा न्यूमोनिया झाला. जिवाणू निघाला सीरियस, पण त्याच्याजवळ फाशीच्या विषाचं प्लाझ्मिड जवळजवळ जसंच्या तसं होतं! म्हणून मला या जातींची नावं जरा फसवीच वाटतात. कोण कुणाला काय जाच करतो, ते पाहून आपण या जाती वेगळ्या मानल्या.

तुमच्याकडचा भात कुणी तपासला नाही, त्यामुळे छातीठोक सांगत नाही. पण भात सकाळी शिजवून दुपारपर्यंत पातेल्यात झाकून ठेवला होता, असं तूच लिहिलंस. सीरियसचे बीजाणू, म्हणजे त्याचं टणक, झोपलेलं रूप, उकळीतही तगतात, कोमट भातात रुजून वाढतात आणि ओकारीचं विष पुन्हा गरम करूनही जात नाही. धाकट्याच्या लग्नात आचाऱ्याला भात थोडा थोडा, पंगतीगणिक रांधायला लाव. कुरकुर करेल, करू दे.

तुझा,
मधू