अनुवादाला बसणाऱ्या लेकीस

चि. मीरा हिस,
अनेक आशीर्वाद.

नोकरी सोडून पुस्तकाचा अनुवाद हाती घेतलास, बरं केलंस. पण प्रकाशकांना चार महिन्यांची तारीख देण्याच्या बेतात आहेस असं कळलं, म्हणून लगेच लिहिते आहे. चार महिने सांगू नकोस.

मूळ इंग्रजी पुस्तक 80,000 शब्दांचं आहे. दिवसाला 1,000 शब्द आणि आठवड्याचे पाच दिवस धरलेस तर कच्चा खर्डाच 16 आठवडे खातो. त्यानंतर रोज 4,000 शब्द तपासलेस तर आणखी चार आठवडे. झाले 20. यात गौरी-गणपती नाही, दिवाळी नाही, तापाचे दोन दिवस नाहीत. सहा महिने माग आणि पाचव्या महिन्यात संपवायचं असं मनाशी धर. मोजणी कायम मूळ शब्दांची ठेव. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात, त्यामुळे मराठी आकडा नेहमी कमी दिसतो आणि उगाच धीर खचतो. मानधन कोणत्या शब्दांवर मोजणार हेही करारात लिहून घे.

आता रोजचा दिवस. सकाळचे डबे, पाणी, कामाच्या मावशी हे सगळं साडेनऊपर्यंत आटपतं, तर पहाटे पाचला उठून लिहिण्याचे संकल्प करू नकोस. ते आठवडाभर टिकतात आणि मग दुपार झोपेत जाते. साडेनऊ ते अकरा एक बैठक, वीस मिनिटं पाय मोकळे करायचे, मग एक वाजेपर्यंत दुसरी. नवा मजकूर फक्त या दोन बैठकांत. सुरुवातीला तासाला 300 शब्द झाले तरी पुष्कळ आहेत. दुपारी तीननंतर डोकं नव्या वाक्याला तयार नसतं, पण कालची पानं दुरुस्त करणं, अडलेले शब्द शोधणं, मेलना उत्तरं देणं याला उत्तम असतं. ही कामं सकाळी केलीस तर हातावेगळं काहीतरी केल्याचं समाधान मिळेल आणि पान मात्र कोरं राहील.

सगळ्यात फसवी गोष्ट फोन नाही. फोन दुसऱ्या खोलीत ठेवता येतो, लॅपटॉपवरचं व्हॉट्सॲप बंद करता येतं. फसवा असतो तो संदर्भ. एका शब्दासाठी मोल्सवर्थचा शब्दकोश उघडायचा, तिथून विश्वकोशातल्या नोंदीवर जायचं, तिथून कुठल्याशा किल्ल्याच्या नकाशावर. तासाभराने परत येतेस तेव्हा वाक्याची लय गेलेली असते, आणि आपण कामच करत होतो असं वाटत असतं! म्हणून सकाळी कोश उघडायचाच नाही. शब्द अडला की जो सुचेल तो लिही आणि त्याच्यापुढे दोन तारे टाक. खुणेचं चिन्ह मजकुरात एरवी न येणारं हवं, म्हणजे दुपारी तेवढंच शोधून सगळे शब्द एका दमात मार्गी लावता येतात. एकदा ठरलेला शब्द वेगळ्या तक्त्यात लिहून ठेव. नाहीतर तिसऱ्या प्रकरणातला ‘दंडाधिकारी’ नवव्यात ‘मॅजिस्ट्रेट’ होतो.

उठताना उद्याच्या परिच्छेदावर पेन्सिलने दोन-तीन ओळी लिहून ठेव: अवघड वाक्य कोणतं, ते कुठे तोडायचं, बोलणारा कोणाला ‘तू’ म्हणतो आणि कोणाला ‘तुम्ही’. सकाळी टेबलाशी नुसतं बसून राहण्यात अर्धा तास जातो, तो बहुतेक वेळा एवढी तयारी नसते म्हणून.

एक वही कर. तारीख, बसले कधी, उठले कधी, किती शब्द, मोडता कशाने आला, बस. दोन आठवड्यांत उघड दिसेल की चोर कोण आहे. 400च शब्द झाले तर राहिलेले 600 दुसऱ्या दिवसावर टाकू नकोस. 1,600 चं ओझं पाहूनच माणूस टेबलापासून लांब राहतो. ती थकबाकी शनिवारच्या सकाळी फेड, आणि रविवारी लॅपटॉपला हात लावू नकोस.

घरच्यांचं मला जास्त वाटतं. “तू घरीच असतेस ना” हे वाक्य प्रेमानेच येतं आणि त्यासोबत सिलिंडर, कुरियर, बँकेतली फेरी असं सगळं येतं. सासूबाईंना आदल्या दिवशीच शांतपणे सांग की साडेनऊ ते एक दार बंद असेल आणि त्यानंतर मी मोकळी आहे. दुसरी अर्धी गोष्ट पहिलीइतकीच पाळ. एकला उठायचं म्हणजे उठायचं, नाहीतर बंद दाराला कोणी मानणार नाही. पुण्यात देखभालीसाठी पाणी किंवा वीज बहुतेक गुरुवारी जाते. त्या दिवसासाठी छापलेली पानं काढून ठेव आणि लाल पेनाने तपास. बॅटरीवर धावपळ करण्यापेक्षा ते बरं. तपासताना मोठ्याने वाच. इंग्रजी वळणाचं वाक्य डोळ्याला चुकवतं, जिभेला अडतं.

खुर्ची जेवणाच्या टेबलाची वापरू नकोस. लॅपटॉप पुस्तकांच्या चळतीवर डोळ्यांच्या पातळीला घे आणि कीबोर्ड वेगळा जोड. फाइल रोज स्वतःला मेल कर, नावात तारीख टाकून.

पहिलं प्रकरण झालं की संपादकांकडे पाठव. संज्ञा आणि संबोधनं त्यांना पटली नाहीत तर एका प्रकरणात बदलणं सोपं. वीस प्रकरणांनंतर तो महिन्याचा धंदा होतो.

गौरीला येशील तेव्हा लॅपटॉप तिथेच ठेवून ये. ते दिवस वेळापत्रकातून आत्ताच वजा कर, आणि तारीख कळवण्याआधी एकदा मला दाखव.

तुझी,
आई