चि. सुबोधला, फोंड्याहून

चि. सुबोध यास अनेक आशीर्वाद.

रविवारी बोलता बोलता म्हणालास, ऑफिसात काही माणसं निवेदन घेऊन आली होती. आणि लगेच फराळाच्या नेवऱ्यांवर आलास. किती जण होते? तुझं नाव घेऊन विचारत होते का? जाऊ दे, या पत्रात ते काढायचं नाही असं ठरवलंय.

तू संवाद लिहितोस ती संभाजीराजांची मालिका रोज बघतो. शेवटी नावं धावायला लागली की बाबा रिमोट सरसावून बसतात, 'संवाद' आलं की चित्र थांबवतात आणि शकूमावशीला हाक मारतात. मला मात्र वाटतं, इतक्या ठळक अक्षरांत नाव कशाला देतात?

गोव्याचा भाग लिहायला घेतलायस ना, मग जुवे बेटावरची चढाई वादळात नको. १६८३च्या नोव्हेंबरात संभाजीराजांची माणसं रात्री ओहोटी साधून पार झाली. तुझं आजोळ कुंभारजुव्याचं, तिथल्या चिखलात पाय कसा रुततो ते मामाला विचार. आणि तो पोर्तुगीजांचा विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, काउंट आल्व्हर! तुमच्या दिग्दर्शकाला म्हणे तो झिंगलेला हवा. अरे, त्याने फोंड्याच्या किल्ल्याला वेढा घातला, राजे स्वतः धावून आले तेव्हा त्याला माघारी फिरावं लागलं, आणि जुवं पडल्यावर जुन्या गोव्यात जाऊन त्याने आपला राजदंड सेंट झेवियरच्या शवापाशी ठेवला, आता गोवा तूच राख म्हणून. एवढा भ्यालेला माणूस आयता हाती लागलाय, आणि तुम्ही त्याच्या हातात पेला देता. विदूषकाला हरवण्यात राजांचा मोठेपणा तो कसला?

राजांचंही तेच. मल्हार रामराव चिटणिसांनी बखर लिहिली ती राजे गेल्यावर शंभराहून अधिक वर्षांनी, आणि त्यांना काळं करून ठेवलं. इतिहासकार वा. सी. बेंद्र्यांनी १९६०मध्ये चरित्र लिहून ते पुसलं. आता तुमचे राजे चुकतच नाहीत. १६७८ला मोगलांच्या दिलेरखानाला जाऊन मिळालेला आणि पुढच्या वर्षी परतलेला मुलगा तुम्ही एका भागात गुंडाळलात. मला तोच बघायचा होता.

१६८३च्या डिसेंबरात आपल्या फौजेने गोव्यातल्या साष्टी-बारदेशात गावं लुटली, तेही कागदांत आहे. मी जिथे नोकरी केली ते पणजीचं दफ्तर १५९५पासूनचं. पिसुर्लेकरांनी तिथलेच पोर्तुगीज कागद वाचून मराठ्यांचा इतिहास उजेडात आणला. लपवायचं कशाला? लिही. नाही, थांब, आताच नको. २००४ला पुण्यात जमावाने भांडारकर संस्थेची कशी नासधूस केली ते मी टीव्हीवर पाहिलंय. तिथे नुसती पुस्तकं होती, तू तर रात्री बाराला एकटा रिक्षाने येतोस.

फार शिकवते ना? रागावू नको. तुझं काम तुला कळतं.

आठवतं, देवळाच्या उत्सवात बाबा औरंगजेब झाले होते? मनगटावर घड्याळ तसंच. दरबारात किती वाजले म्हणून मागून कुणीतरी ओरडलं, तर बाबांनी खरंच बघून सांगितलं. पडदा पाडावा लागला. तू माझ्या मांडीवर बसून रडत होतास, बाबांना सगळे हसतात म्हणून. पहाटे तोच औरंगजेब दाढी न काढता सर्वांबरोबर उसळ-पाव खात होता. कुणाच्या भावना दुखावल्या नाहीत रे. की तेव्हाही दुखावत असतील, आणि आम्हाला कळलं नसेल?

ती माणसं परत आली तर तू पुढे होऊ नकोस, निर्मात्यांना बोलू दे. हे शेवटचं.

नेवऱ्या शकूमावशीच्या अजयबरोबर पाठवते. त्यातल्या निम्म्या तुझ्या रूमवाल्याला दे. साष्टीचा प्रसंग तू लिहिणारच, मी काय तुला ओळखत नाही? लिहिलास की छापील कागद धाड. मोबाइलवर मला वाचवत नाही.

तुझी,
आई