आईच्या तंबोऱ्याचा हिशेब

ती. आई-बाबा,

सा. न.

आईसाठी तंबोरा घ्यायचा विषय फोनवर दोनदा निघाला आणि दोन्ही वेळा "बघू दिवाळीनंतर" वर येऊन थांबला. फोनवर आई किमतीला घाबरते आणि बाबा गप्प बसतात, म्हणून सगळं लिहूनच पाठवते. माझं मत विचाराल तर घ्यावा. पण घेताना पैसे कुठून काढायचे आणि दुकानात काय तपासायचं, या दोन्हींत घाई नको.

आधी बाबांचा भाग. बाबा, पोस्टातल्या ज्येष्ठ नागरिक बचत योजनेला हात लावू नका. त्या खात्यातून थोडीशी रक्कम काढता येत नाही, खातं अख्खं बंद करावं लागतं. वर्षाच्या आत बंद केलं तर दिलेलं व्याज परत घेतात, दुसऱ्या वर्षात मुद्दलातून दीड टक्का कापतात आणि दोन वर्षांनंतर पण मुदतीआधी एक टक्का. तुमचं तिसरं वर्ष चालू आहे. म्हणजे तीस-चाळीस हजारांच्या वाद्यासाठी १० लाख मोडायचे, वर १० हजार कापून द्यायचे आणि ८.२ टक्क्यांचा बांधलेला दरही घालवायचा. त्यापेक्षा त्याच १० लाखांवर दर तिमाहीला २०,५०० रुपये व्याज येतं. १ जुलैचं बचत खात्यात पडून आहेच, १ ऑक्टोबरचं आलं की ४१,००० होतात. घरखर्च पेन्शनवर चालतो, दवाखान्याची ठेव वेगळी आहे, तेव्हा ही दोन व्याजं आईची.

या ४१,००० मध्ये सगळं बसवायचं. वाद्याला ३०,००० ची मर्यादा, जाणं-येणं आणि मुक्कामाला ३,०००, गवसणी (खोळ) आणि तारांच्या दोन जादा संचांना ३,०००. उरलेल्या ५,००० ला वर्षभर हात लावू नका, ते जवारीचे, म्हणजे ज्यातून झंकार येतो तो घोडीचा घाट पुन्हा काढून घेण्याचे. लोक सगळे पैसे वाद्यात घालतात आणि वर्षाने जवारी झिजली की तंबोरा कोपऱ्यात उभा राहतो, तसं नको. ३०,००० मध्ये मनासारखा मिळाला नाही तर नक्षी कमी करा, लाकूड आणि भोपळ्यात तडजोड नको. दांडीवरच्या पांढऱ्या वेलबुट्टीने किंमत चढते, आवाज तसूभरही बदलत नाही.

आता आई, तुझा भाग. दुकानदाराचा पहिला प्रश्न असेल, "पट्टी कुठली?" तू सवयीने "काळी पाच" म्हणशील. पेटीच्या पाचव्या काळ्या पट्टीवरचा सा, ती तुझी परीक्षा देतानाची पट्टी. वय वाढलं की बायकांचा आवाज खाली उतरतो, आणि आता तू भजनाला पेटीवर काळी तीनच्या आसपास बसतेस. चार दिवस सकाळी, चहा झाल्यावर, पेटीवर मंद्र (खालच्या) पंचमापासून तार (वरच्या) सप्तकातल्या गंधारापर्यंत न ओढता जाता येतं ती पट्टी कागदावर लिहून ठेव. तारांची जाडी त्या पट्टीवर ठरते. काळी पाचसाठी चढवलेल्या तारा काळी तीनला उतरवल्या की त्या ढिल्या पडून घोडीवर (तारा टेकतात त्या पुलावर) नुसत्या फडफडतात, आणि आपल्याला वाटतं वाद्यच वाईट. एका संचावर वर-खाली एखादा स्वर निभावतो, त्याहून जास्त नाही. काळी तीन निघाली तर अगदी लहान लेडीज तंबोरा घेऊ नकोस, जरा मोठ्या भोपळ्याचा बघ. खर्जाला, म्हणजे सगळ्यात खालच्या सा ला, पोट लागतं.

मिरजेला स्वतः जा, कुरिअरने मागवू नका. १९व्या शतकाच्या मध्यात शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी तिथे तंतुवाद्यं करायला सुरुवात केली, आणि आजही सतारमेकर गल्लीत एका दुकानातून उठून दुसऱ्यात जाता येतं. भोपळे मंगळवेढ्याकडून येतात. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं, पण मानांकन गावाच्या कसबाला आहे. समोरचा तंबोरा तुम्हालाच पारखायचा आहे.

जायचं ते पाऊस पूर्ण ओसरल्यावर. भर पावसात लाकूड फुगलेलं असतं, खुंट्या घट्ट बसलेल्या वाटतात आणि मार्गशीर्षात त्याच सुटायला लागतात. दुकानात बाबांनी दांडीच्या टोकाकडून एक डोळा मिटून घोडीपर्यंत बघावं, बाक किंवा पीळ लगेच दिसतो. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तो गळा उजेडात धरून नीट बघा. तारांचा सगळा ताण तिथे येतो आणि गडद पॉलिशखाली भेग झाकता येते. मग भोपळ्यावर सगळीकडे बोटाच्या पेराने हलकेच टकटक करा. कुठे खुळखुळ किंवा फुटक्या मडक्यासारखा आवाज आला तर तो ठेवून द्या. प्रत्येक खुंटी पाव फेरा फिरवून सोडा, ती तिथेच थांबली पाहिजे.

शेवटी तंबोरा तुझ्या पट्टीत जुळवून मागायचा आणि तासभर तसाच ठेवायला सांगायचा. लगेच छेडून "छान आहे" म्हणू नकोस. तासाने सूर किती उतरला ते बघ, मग एकेक तार सुटी छेड. पंचम, जोडीच्या (मधल्या सा च्या) दोन पोलादी, शेवटी पितळी खर्ज. तार छेडल्यावर आवाज फुलतो आणि मग हळूहळू विरतो, तो विरेपर्यंत त्यातली झणझण टिकली पाहिजे. तीन तारा बोलतात आणि एक मुकी, असं असेल तर त्या तारेखाली जवारी नीट बसलेली नाही. तिथल्या तिथे करून घ्या, घरी आल्यावर कोण करणार?

जवारी म्हणजे घोडीच्या माथ्याला दिलेला अगदी सूक्ष्म उतार. तार त्या उतारावर टेकत-सुटत थरथरते आणि त्यातून तो झंकार येतो. तारेखाली सुती दोऱ्याचा तुकडा असतो, तो तारेला नेमक्या जागी उचलून धरतो. घरी तुला एवढंच करायचं: तार छेडत राहायची आणि दोरा घोडीवर केसभर पुढे, केसभर मागे सरकवायचा. आवाज आधी बोथट असतो, मग एका जागी एकदम उघडतो, आणि त्यापुढे गेलं की कर्कश होतो. उघडतो तिथे थांब. रोज वाजवून तारांच्या घासण्याने घोडीवर बारीक चर पडतात. मग दोरा कुठेही ठेवला तरी आवाज उघडत नाही. तेव्हा जवारी नव्याने काढायची, आणि ती कारागिरानेच. बाबा, तुमच्याकडे कानस आहे हे मला माहीत आहे. ती घोडीला लावायची नाही. एक थर जास्त गेला की घोडीच बदलावी लागते.

जुळवताना घोडीमागे तारेत ओवलेला मणी आधी मधोमध आणून ठेव, म्हणजे वर-खाली दोन्हीकडे वाव राहतो. खुंटीने जवळपास आण आणि बाकीचं मण्याने कर. मणी तारदानाकडे (तारा खाली बांधतात तिकडे) ओढला की सूर चढतो, घोडीकडे ढकलला की उतरतो. खुंटी फिरवताना आत दाबत फिरवायची. सुटत असेल तर काढून खडू चोळ, अडत असेल तर किंचित कोरडा साबण. पहिल्यांदा जोड जुळव. दोन्ही तारा एकत्र छेडल्या की आवाजात लाटा ऐकू येतात. सूर जवळ येतो तशा त्या संथ होतात आणि जुळला की थांबतात. त्यानंतर खर्ज, मग पंचम. मालकंसाला पंचमाऐवजी मध्यम, मारव्याला निषाद, हे तुला सांगायला नको.

"मोबाइलमध्ये तंबोरा फुकट आहे की," हा बाबांचा मुद्दा चुकीचा नाही. भाजी निवडताना आलाप घ्यायला तो उत्तम. पण खर्जाची तार नीट जुळली की तिच्या पोटातून गंधार आपोआप ऐकू येतो, कोणी न छेडता. पेटीचा गंधार त्याच्यापेक्षा किंचित चढा असतो. म्हणून पेटीवर बसलेला गळा तंबोऱ्यासमोर पहिले काही आठवडे जरा बावरतो. आई, तेव्हा गळ्याला दोष देऊ नकोस, पेटी बंद ठेव. गुडघ्यांसाठी खाली बसायचा हट्टही नको. हात नसलेल्या खुर्चीवर बसून भोपळा मांडीवर घेता येतो, नाहीतर समोर दिवाणावर आडवा ठेवूनही वाजवता येतो. मधल्या बोटाने पंचम आणि तर्जनीने बाकीच्या तीन, तेवढ्याला संधिवाताची बोटंसुद्धा पुरतात.

ठेवायची जागा मी सुचवते: मधल्या खोलीत, आतल्या भिंतीला. पश्चिमेच्या भिंतीला साताऱ्याचा पाऊस मुरतो, तिकडे नको. माळ्यावर तर अजिबात नको. गवसणी जाड सुती कापडाची शिवून घ्या. रेक्झिनमध्ये ओल कोंडते आणि भोपळ्याला बुरशी येते. तारा बदलताना चारही एकदम काढायच्या नाहीत. घोडी बऱ्याचदा चिकटवलेली नसते, तारांच्या दाबानेच उभी असते. एक काढायची, तिच्या जागी नवी चढवायची, मग दुसरी. नवी तार दोन-तीन दिवस उतरत राहते, तो तारेचा दोष नव्हे.

आणताना रेल्वे नको, भाड्याची गाडी करा. मिरजेहून निघताना तारा दोन-तीन स्वर उतरवून घ्या, पूर्ण सैल नाही. मागच्या सीटवर जाड गोधडी, तिच्यावर भोपळा, दांडीला उशी. बाबांनी पुढे बसावं, आईने मागे, एक हात गळ्याखाली ठेवून. गतिरोधकावर गाडी हळू घ्यायला ड्रायव्हरला आधीच सांगा.

दुसरं व्याज जमा झालं की फोन करा, गाडीचं मी बघते. तोवर आई, पट्टी लिहून ठेव. काळी तीन की पांढरी चार, तेवढं नक्की कळव.

तुमची,
चिमी